पत्र्याला जाग येण्यापुरता जोर

दाजी, ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. ताईला नाही, माझ्या बायकोलाही नाही. तुम्ही दोघं लासलगावला लग्नाला गेला होतात आणि मळ्याची किल्ली माझ्याकडे होती, त्या दुपारी मी तुमची छऱ्याची बंदूक कपाटामागून काढली, कपडे धुण्याच्या साबणाच्या वडीवर एक छर्रा मारला, आणि ठरवून टाकलं की तुम्ही खोटं बोलता. एका छऱ्यावर ठरवलं. त्यानंतर तुम्ही होतात तोवर मी तुमच्या घरी जेवत राहिलो, तुमच्या गाडीवर मागे बसत राहिलो, दाजी दाजी म्हणत राहिलो, आणि मनातली तुमची फाईल काही बंद केली नाही.

तुम्हाला जाऊन अजून महिना झालेला नाही. लोक तुमच्याबद्दल खूप चांगलं बोलतात. बोलू देत, त्यातलं बहुतेक खरंच आहे. मला जे बोलायचंय ते एका कुत्र्याबद्दल आहे. काशिनाथच्या डांग्याबद्दल.

काशिनाथ तुमच्याकडे सुरगाण्याकडून द्राक्षाच्या कामाला यायचा. बायकोला घेऊन यायचा, बांधापलीकडे खोपी टाकून राहायचा, आणि छाटणीपासून माल निघेपर्यंत हलायचा नाही. तुमच्याकडे इतक्या हंगामांत इतकी माणसं आली, पण चहा घ्यायला ओट्यावर बोलवायचात ते त्यालाच. त्याचं कुत्रं छर्रा लागून मेलं. तो भर हंगामात निघून गेला, आणि छर्रा तुमचा होता असं समजून गेला. तुमच्या दहाव्याचा निरोप ताईनं त्याला धाडला होता. तो आला नाही.

रामकुंडावर पिंड ठेवला आणि भटजींनी हात झटकायच्या आत कावळा शिवला. सगळ्यांना बरं वाटलं. ‘काही राहिलं नव्हतं बघा माणसाचं,’ असं तुमचे चुलतभाऊ म्हणाले. मला मात्र ते पटलं नाही. मी त्या कावळ्याकडेसुद्धा संशयानं बघत होतो. इतकं कसं काही राहिलं नव्हतं तुमचं?

माझं कामच तसं आहे, तुम्हाला ठाऊक आहे. गाड्यांच्या अपघाताचे विम्याचे दावे तपासायचे. ट्रकवाला म्हणाला, ब्रेक लागलाच नाही, की मी आधी ब्रेक बघतो आणि मग ट्रकवाल्याचं तोंड. तुम्ही म्हणायचात, “मेव्हण्यांना संशयाचा पगार मिळतो. आम्ही फुकट घेतो, एवढाच फरक.”

तुमच्या मळ्यातली बंदूक पाखरं मारायला नव्हती, हे आधी लिहून ठेवतो, कारण बाहेरच्या माणसाला ते खरं वाटत नाही. मणी गोड व्हायला लागले की साळुंक्या, बुलबुल, पोपट थव्यानं उतरायचे. शेजारचे कुणी फटाके लावायचे, कुणी जाळी अंथरायचे, एकानं तर स्पीकरवर वाघाची डरकाळी लावली होती. तुम्ही बागेच्या कडेनं बांबू रोवून त्यांना तेलाच्या डब्यांचे पत्रे टांगले होते. माचाणावर बसायचं, पत्र्यावर छर्रा मारायचा, टण्ण झालं की त्या अंगाची पाखरं उठायची. मग दुसरा पत्रा. तुमचा हात बसला होता. लांबून ऐकणाऱ्याला वाटावं, कुणीतरी फावल्या वेळात भांडी वाजवतंय.

“पाखरू मारून काय मिळतं हो मेव्हणे?” तुम्ही मला पहिल्याच वर्षी विचारलं होतं. “मेलेलं पाखरू बाकीच्यांना सांगायला जातं का, की इकडं येऊ नका म्हणून?”

आपल्याकडे तीन बंदुका होत्या. पहिली फुग्यांची. यात्रेतल्या एका फुगेवाल्यानं ती मोडीत काढली होती आणि तुम्ही तिला घरी आणलं होतं, जसा कुणी म्हातारा बैल आणतो. तिची स्प्रिंग इतकी दमली होती की छर्रा जाताना डोळ्यांना दिसायचा. दुसरी तुमची, नळी बिजागरीवर मोडून भरायची, लाकडी दस्त्याची, मेन रोडवरच्या दुकानातून घेतलेली. तिसरी माझी. ती मी मोबाईलवर महिनाभर व्हिडिओ बघून मागवली होती. नळीखाली दांडा होता, तो खाली ओढून स्प्रिंग ताणायची, ताणताना खांद्यात कळ यायची, आणि ती कळ मला फार आवडायची. वीस ज्यूलच्या आतल्या बंदुकीला परवाना लागत नाही. ही आतच आहे पण अगदी काठावर आहे, असं विकणारा फोनवर शपथेवर सांगत होता. काठावर हा शब्द ऐकूनच मी ती घेतली.

खोक्यावर वेगाचा आकडा छापला होता, इतके फूट सेकंदाला. मी तो तुम्हाला वाचून दाखवला. तुम्ही चहा पीत होतात, बशी खालीही ठेवली नाहीत.

“खोक्यावरचा आकडा म्हणजे स्थळाच्या बायोडाट्यातला पगार,” म्हणालात. “हलक्यातला हलका छर्रा घालून वेग मोजत्यात आन् मोठ्या अक्षरात छापत्यात. रिकामी बैलगाडी पळतीच की. भरलेली कशी ओढते ते दाखवा.”

मग आपण ते बघितलं. तुम्ही सातपूरच्या कारखान्यात स्प्रिंगा वळण्यात निम्मं आयुष्य घातलेलं, पण तुमच्याकडे मोजायचं यंत्र नव्हतं. तुमची रीत साबणाची. साबणाची पिवळी वडी उभी करायची, तिच्यामागे जुन्या पाटाची फळी लावायची, चार पावलांवरून छर्रा मारायचा. भोकात खराट्याची काडी घालायची, नखानं खूण करायची आणि काडी बोटाच्या पेराला लावायची. फुग्यांच्या बंदुकीचा छर्रा अर्ध्या पेराला अडकला. तुमचा दीड पेर गेला. माझ्या बंदुकीनं वडीचे दोन तुकडे केले आणि छर्रा फळीत जाऊन रुतला.

“हे द्राक्षं राखायला आणलंय का ट्रॅक्टर फोडायला?” तुम्ही म्हणालात.

ताई ओट्यावरून ओरडली, “आधी माझा साबण भरून द्या. दोघं मिळून.”

आपला वाद तिथं सुरू झाला आणि तो कधी संपला नाही. माझं म्हणणं, जोर जास्त तर बंदूक चांगली, लांबचा पत्राही वाजतो. तुमचं म्हणणं एका ओळीचं. “पत्र्याला जाग येण्यापुरता जोर बास झाला.”

“आणि लांबचा पत्रा?”

“लांबच्या पत्र्याकडं चालत जावं माणसानं. पाय कशाला दिलेत?”

मी चिडवायला लागलो. म्हटलं, हे बोलणं म्हणजे ज्याच्याकडे स्कूटर आहे त्यानं वेगावर प्रवचन द्यावं तसं झालं. तुम्ही उठलात, आत गेलात आणि एक स्प्रिंग घेऊन आलात. जाड, निळसर झाक असलेली, तुम्ही स्वतः वळलेली. माझ्या हातात दिलीत. ती मला दोन तळहातांत धरूनही दाबता आली नाही. “ही घातली ना माझ्या बंदुकीत, तुमच्या तोफेला घाम फुटंल,” म्हणालात. “पण घालणार नाय.”

दाजी, मी त्यातलं पहिलं वाक्य लक्षात ठेवलं. दुसरं सोडून दिलं.

डांग्या तुमची ठिबकची नळी चावायचा. उन्हाच्या वेळी नळीतून थंड पाणी झिरपतं हे त्याला कळलं होतं. तुम्ही भोकं बुजवून वैतागायचात. एकदा काशिनाथच्या देखत तुम्ही म्हणालात, “याच्या ढुंगणावर एक दिवस छर्रा बसतोय बघ.” काशिनाथ हसला होता. डांग्या तुमच्याच पायाशी बसला होता. मीही हसलो होतो, पण कामाच्या सवयीनं ते वाक्य टिपूनही ठेवलं होतं.

तो रविवार होता. मी माझी तोफ घेऊन आलो होतो. तुम्ही दुपारी फवारणीचं औषध आणायला चांदवडला गेलात, मी माचाणावर बसलो. तुम्ही परत आलात तेव्हा मी उतरलो, आणि तुम्ही तुमची बंदूक घेऊन वर गेलात. मी नाशिकला निघालो. सोमवारी सकाळी ताईचा फोन आला. “डांग्याला कुणीतरी बंदूक मारली रे. खाटेखाली पडलाय, उठत नाही.”

मी ऑफिसला सुट्टी टाकून आलो. चांदवडच्या गुरांच्या डॉक्टरांकडे नेला तेव्हा तुम्ही, मी आणि काशिनाथ होतो. कुत्रं काशिनाथच्या मांडीवर होतं. डॉक्टरांनी फासळ्यांमधून छर्रा काढला. तो पार चेपला होता, कुणाचा ते ओळखू येण्यासारखं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, “ही फुग्याच्या बंदुकीची करामत नाही हं. चांगल्या जोराची आहे.”

तुम्ही लगेच म्हणालात, “माझ्या बंदुकीत तेवढा जोर नाय, डॉक्टर.”

हे बोलताना तुम्ही डॉक्टरांकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, तुम्हाला साक्षीदार हवाय. मी मान खाली घातली. काशिनाथ तुमच्याकडे बघत होता. आपण तिघं एकमेकांकडे असे बघत असताना कुत्रं गेलं.

चौथ्या-पाचव्या दिवशी काशिनाथनं बोचकं बांधलं. तुम्ही अडवलंत. ताईनं त्याच्या बायकोला आत बोलावलं, ती आली नाही. तो तुम्हाला म्हणाला, “शेठ, मी इचारत नाय. पण आता इथं ऱ्हावणार नाय.” ‘मी मारला नाही’ एवढं साधं वाक्य तुम्हाला म्हणता आलं असतं. तुम्ही म्हटलं नाहीत, आणि माझी खात्री तिथंच झाली. निर्दोष माणूस ओरडतो, हा माझा धंद्यातला अनुभव. तुम्ही ओरडला नाहीत.

माल निघाला, हंगाम संपला आणि ते लासलगावचं लग्न आलं. तुमची बंदूक कपाटामागे फडक्यात गुंडाळलेली होती. मला एकच गोष्ट बघायची होती, ती जाड स्प्रिंग तुम्ही आत घातलीय का. उघडून बघायची हिंमत नव्हती, जोडता आली नसती. म्हणून साबण. फळी लावली, वडी ठेवली, नळी मोडली, छर्रा भरला.

दाजी, बार फटाक्यासारखा वाजला. तुमच्या बंदुकीचा आवाज मी वर्षानुवर्षं ऐकला होता, कुणी दार हळू लोटावं तसा. हा तसला नव्हता. नळीतून निळा धूर आला. वडी उभी चिरली आणि फळीत छर्रा रुतून बसला, माझ्या बंदुकीचा बसला होता तस्साच. आवाजानं कुणी येईल म्हणून मी दुसरा बार काढलाच नाही. खरं सांगायचं तर दुसऱ्याची गरजच वाटली नाही. हवं ते उत्तर मिळालं होतं. साबण नाल्यात टाकला, फळी जागच्या जागी ठेवली, बंदूक फडक्यात गुंडाळली. तुम्ही आलात तेव्हा मी ओट्यावर पेपर वाचत होतो. तुम्ही लग्नातले लाडू दिलेत. मी खाल्ले.

त्यानंतर तुमचं काहीही मला सरळ दिसलं नाही. तुम्ही पाखरांसाठी परळात पाणी भरून ठेवायला लागलात. मी म्हटलं, पाप धुतायत. तुम्ही शेजाऱ्याच्या लंगड्या वासराला स्वतःच्या टेम्पोतून दवाखान्यात नेलंत. मी म्हटलं, हिशोब बरोबर करतायत. तुम्ही माचाणावर बसणं सोडलंत आणि पत्र्यांना दोऱ्या बांधून दोऱ्या ओढायला लागलात. मी म्हटलं, भीती वाटते. एखाद्या माणसावर संशय बसवला की त्याचं चांगलं वागणंसुद्धा पुराव्यात जमा होतं. हे मला कामामुळे आधीच माहीत असायला हवं होतं.

मीही माझी बंदूक आणणं बंद केलं. रविवार कमी झाले. तुम्हाला ते जाणवलं होतं. एकदा आपण घोटीला तांदूळ आणायला गेलो होतो, येताना तुम्ही गाडी बाजूला घेतलीत. पाणी प्यायलात. म्हणालात, “मेव्हणे, माणसानं एकदा मोकळं व्हावं. घरातलं माणूस काय खाऊन टाकत नाय.”

मला वाटलं, आता तुम्ही कबूल करणार. आणि खरं सांगतो, मला ते ऐकायचं नव्हतं. ताईचा नवरा माझ्यासमोर मान खाली घालून बसलाय हे चित्र मला सोसलं नसतं. मी म्हटलं, “दाजी, तांदूळ भिजेल, आभाळ आलंय.” तुम्ही माझ्याकडे जरा वेळ बघितलंत. मग गाडी सुरू केलीत. मी मनात म्हणालो, वाचवलं मी तुम्हाला.

तेराव्यानंतर ताई म्हणाली, “ती बंदूक घेऊन जा बाबा. मला घरात नको ती.” फडकं तेच होतं. मी ती इंदिरानगरला घरी आणली. घरच्यांना सांगितलं, आठवण म्हणून ठेवतो. पण मनात वेगळंच होतं. तुम्ही गेलात तरी माझी तपासणी संपली नव्हती. आता आवाजाची भीती नव्हती, तुम्ही येण्याची नव्हती. गच्चीवर जिन्याच्या भिंतीला फळी टेकवली, साबण ठेवला.

पहिला बार पुन्हा तसाच. फटाका, निळा धूर, चिरलेली वडी. मी जवळजवळ हसलो, म्हटलं, बघा.

दुसरी वडी ठेवली. या खेपेला नुसतं दार लोटल्यासारखा आवाज आला. काडी घातली. दोन पेरांना थोडी कमी. तिसरा छर्रा दीड पेर. चौथा दीड पेर. मी मारत राहिलो, वडीला जागा उरेना तोवर मारत राहिलो. प्रत्येक वेळी दीड पेर. मग मला वास आला. जळक्या तेलाचा.

आणि तुमचं बोलणं आठवलं. तुम्ही ते मला एकदा नाही, दर हंगामाच्या सुरुवातीला सांगायचात. हंगाम संपला की तुम्ही बंदुकीला तेल देऊन ठेवायचात, जरा सढळ हातानंच. त्यातलं थोडं दट्ट्याच्या पुढे साचतं. स्प्रिंग सुटली की दट्ट्या हवा दाबतो, दाबलेली हवा तापते आणि ते तेल इंजिनातल्या डिझेलसारखं पेटतं. तो जोर तेलाचा असतो, बंदुकीचा नव्हे. “तेल दिलेल्या बंदुकीचा पहिला बार मोजायचा नाय,” असं तुम्ही म्हणायचात आणि पहिले दोन-तीन छर्रे मातीच्या ढिगात मारून टाकायचात. हे मला माहीत होतं. इतर कुणाला नसेल, मला होतं. त्या दुपारी मी तो पहिला बारच मोजला, आणि तेवढ्यावर तुम्हाला दोषी धरलं.

इतकं होऊनही, दाजी, माझं मन लगेच सरळ झालं नाही. खोटं कशाला लिहू. मी म्हटलं, जाड स्प्रिंग घातली असेल, नंतर काढली असेल. मी दुसऱ्या दिवशी मळ्यावर गेलो आणि ताईला आडून विचारलं, दाजींनी वळलेली ती जाड स्प्रिंग कुठंय, मला हवी होती.

“ती होय?” ताई म्हणाली. “ती तर फाटकाच्या कडीत आहे. दोन तुकडे करून दोन्ही फाटकांना बसवलीय, कडी आपोआप लागावी म्हणून. शेळ्या शिरायच्या ना.”

“कधी बसवली?”

“काशिनाथ होता तेव्हाच. त्यानंच तर बसवली. तू दर खेपेला उघडतोस की ते फाटक.”

मी जाऊन बघितलं. निळसर झाक गंजली होती, पण तार तीच. आणि त्या तुकड्यांची पुन्हा स्प्रिंग होणार नव्हती. मी ओट्यावर येऊन बसलो. ताईनं चहा ठेवला. तिला वाटलं, तुमच्या आठवणीनं मला भरून आलंय. ती माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, “एक सांगू का? ते तुझ्यावर कधी रागावले नाहीत.”

“कशाबद्दल?”

“त्या कुत्र्याबद्दल रे. काशिनाथ तुझ्यामुळं गेला, त्यांना फार लागलं होतं ते. पण मला म्हणाले, मेव्हण्याच्या हातून चुकून बसला असंल, तू विचारू नको. तो आपणहून सांगंल.”

मी म्हणालो, “मी? ताई, मी नाही मारला.”

तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं की तिचा विश्वास बसलेला नाही. मग म्हणाली, “आम्ही लग्नाला गेलो तेव्हा त्यांची बंदूक तू उडवली होतीस ना? ते म्हणाले, तेल जळाल्याचा वास येतोय. आपल्या हातून नसावं म्हणून ताडून बघितलं असंल बिचाऱ्यानं, त्याच्या मनाला खातंय, म्हणाले.”

म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्यात तुम्ही माझ्याकडे बघत होता ते साक्षीदार म्हणून नव्हतंच. तुम्ही माझ्या तोंडाची वाट बघत होता. काशिनाथला तुम्ही ‘मी मारला नाही’ म्हणाला नाहीत, कारण मग पुढचा प्रश्न ‘मग कुणी’ असाच आला असता. घोटीच्या रस्त्यावर गाडी थांबवलीत ती मला मोकळं करायला. आणि मी तांदूळ भिजतोय म्हणालो.

मला तुमचा राग येतो, दाजी. दर वर्षी पहिल्या तोडणीची पेटी तुम्ही माझ्याकडे पाठवत राहिलात, जिन्यावरून स्वतः उचलून आणायचात, आणि मनात धरून होतात की या माणसानं एका गरिबाचं कुत्रं मारलं आणि तोंड शिवून बसला. तुम्ही मला विचारायला हवं होतं. बायकोच्या भावाला जाब विचारायचा नाही, त्याचा मान राखायचा, ही कुठली रीत? एकदा शिवी घातली असतीत तर मी उलटून ओरडलो असतो, आणि त्या ओरडण्यात दोघांचंही बाहेर पडलं असतं. त्या मानापायी तुम्ही काशिनाथ गमावलात. रागाच्या खाली दुसरंही काही आहे. मी तुम्हाला दोषी धरून दूर झालो. तुम्ही मला दोषी धरलंत आणि ताटात वाढत राहिलात.

आता शेवटचं. हे ताईलाही बोललेलो नाही.

त्या रविवारी तुम्ही चांदवडला गेला होतात आणि मी माचाणावर एकटा होतो. जवळचे पत्रे मी मारलेच नाहीत. बांधाला लागून शेवटचा जो पत्रा होता, त्याच्यावरच मी नेम धरत होतो, कारण तुमचा छर्रा तिथं पोचत नाही आणि माझा पोचतो हे मला तुम्ही आल्यावर सांगायचं होतं. किती वेळा टण्ण झालं ते मी तुम्हाला फुशारकीनं सांगितलंही. जे छर्रे वाजले नाहीत त्यांच्याकडे माझं लक्ष नव्हतं. ते कुठं गेले असतील हा विचार इतक्या वर्षांत मला एकदाही शिवला नाही. त्या पत्र्याच्या सरळ मागे, बांधापलीकडे, काशिनाथची खोपी होती.

तुम्ही एकदा म्हणाला होतात, “नेम माझा पण चुकतो, मेव्हणे. पण माझा चुकलेला छर्रा माझ्याच बांधात पडतो.” त्यावर मी काय विनोद केला ते आठवत नाही. काहीतरी केला होता, आणि तुम्ही हसला होतात.

मी मारला असं मी लिहीत नाही, कारण मला माहीत नाही. त्या शिवारात हंगामात चार-पाच मळ्यांत तरी बंदुका असतात. पण दुसऱ्या कुणाचा असा दावा माझ्या टेबलावर आला असता तर मी त्यावर काय शेरा मारला असता, ते मला माहीत आहे. तुमचा संशय माझ्या संशयापेक्षा खरा होता, एवढं मान्य करतो. फक्त मी जाणूनबुजून लपवलं नाही, एवढं तुम्ही माझं ऐकून घ्यायला हवं होतं. आता ते व्हायचं नाही.

काशिनाथ सुरगाण्याच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीजवळच्या एका पाड्यावर असतो. त्याचा नंबर ताईकडे आहे, पण हे फोनवर सांगायचं नाही. डांग्याला दाजींनी मारलं नाही, त्यांच्या बंदुकीत तेवढा जोर नव्हता, आणि त्या दुपारी तुझ्या खोपीच्या दिशेनं मी बंदूक चालवत होतो, एवढं त्याच्या दारात उभं राहून त्याला सांगणं माझ्याकडे बाकी आहे.